अनुदानाचे बिल कोण भरते?

“सरकार एवढा पैसा वाटते, मग महागाई वाढणार नाही तर काय?” हा एक नेहमीचा प्रश्न. “खताचे नि गॅसचे अनुदान काढून घेतले तर महागाई केवढी वाढेल?” हा दुसरा. पुष्कळदा हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या तोंडी असतात आणि नीट पाहिले तर ते एकमेकांना छेद देतात. पहिला म्हणतो, सरकारने खर्च केला की भाव चढतात. दुसरा म्हणतो, सरकारने हात आखडला की भाव चढतात. मग खरे काय?

दोन्ही खरे आहे, पण वेगवेगळ्या परिस्थितीत. ती परिस्थिती ओळखायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. तीन गोष्टी तपासाव्या लागतात: पैसा आला कुठून, गेला कशावर आणि त्याचे बिल कधी येणार. याच क्रमाने आपण जाऊ आणि शेवटी मुदत ठेव, सरकारी रोखे आणि शेअर यांच्यापर्यंत पोहोचू.

१. शंभर रुपयांचा हिशेब

लाख कोटींचे आकडे डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून ते शंभर रुपयांत उतरवू. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये धरला होता. कर, लाभांश आणि इतर जमा मिळून येणार होते ३४.९६ लाख कोटी. उरलेले १५.६९ लाख कोटी उधारीवर. या उधारीलाच राजकोषीय तूट म्हणतात. देशाच्या एका वर्षाच्या एकूण उत्पन्नाशी तिचे प्रमाण ४.४ टक्के धरले होते.

म्हणजे सरकारने खर्चलेल्या दर शंभर रुपयांपैकी ६९ रुपये कमाईचे आणि ३१ रुपये कर्जाचे. आता खर्चाची बाजू पाहा. सुमारे २५ रुपये आधीच्या कर्जाच्या व्याजात जातात. सुमारे २२ रुपये रस्ते, रेल्वे, संरक्षण सामग्री अशा भांडवली कामांवर. अन्नधान्य आणि खत या दोन मोठ्या अनुदानांवर सात रुपयांच्या आसपास. बाकीच्यात पगार, निवृत्तिवेतन, राज्यांना मदत आणि असंख्य योजना.

कर्ज देते कोण? बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड. बँकांना तर ठेवींच्या १८ टक्के रक्कम सरकारी रोखे आणि तशाच सुरक्षित मालमत्तेत ठेवावीच लागते. विम्याचा हप्ता, पगारातून कापला जाणारा पीएफ, पोस्टातले बचतपत्र या वाटांनी आपलीच बचत सरकारच्या हाती जाते. म्हणून सरकारचा खर्च हा दिल्लीतला दूरचा विषय नाही. सरकारला कर्ज देणारे आपण, त्या कर्जाच्या व्याजासाठी कर भरणारेही आपणच.

२. नोटा छापून भागवता येत नाही का?

येते, आणि आपण ते बराच काळ केले. १९९७ पर्यंत केंद्र सरकारला पैसे कमी पडले की रिझर्व्ह बँकेला तदर्थ ट्रेझरी बिले, म्हणजे अल्प मुदतीच्या उधारीच्या चिठ्ठ्या, द्यायची आणि तिथून हवी तेवढी रक्कम उचलायची, अशी सोय होती. व्याज नाममात्र, मर्यादा जवळपास नाहीच. बाजारात धान्य, कापड, सिमेंट तेवढेच राहायचे आणि लोकांच्या हाती नवा पैसा यायचा. मालापेक्षा पैसा वेगाने वाढला की भाव वाढतात. महागाईचा हा सर्वांत सरळ मार्ग.

१९९७ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात करार होऊन ही सोय बंद झाली. २००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याने आणखी एक दार लावले: २००६ पासून सरकारने काढलेले नवे रोखे रिझर्व्ह बँकेला थेट सरकारकडून विकत घेता येत नाहीत, बाजारातून मात्र घेता येतात. २०१६ पासून किरकोळ महागाई चार टक्क्यांच्या आसपास, वरखाली दोन टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर आहे. त्यामुळे आज सरकारचा खर्च वाढला की नोटांचा पूर येतो, असे घडत नाही. परिणाम होतो, पण मागणी, व्याजदर आणि कर या वाटांनी.

३. खर्चाने भाव केव्हा चढतात?

एका तालुक्याचे उदाहरण घेऊ. तिथल्या वीटभट्ट्या महिन्याला दहा लाख विटा पाडू शकतात, पण मागणी सात लाखांचीच आहे. सरकारने घरकुलांची योजना आणली आणि आणखी दोन लाख विटा लागल्या. थंड पडलेल्या भट्ट्या पेटतील, मजुरांना काम मिळेल आणि विटेचा भाव फारसा हलणार नाही. आता मागणी आधीच दहा लाखांची आहे असे समजा. त्याच योजनेसाठी तेवढ्याच दोन लाख विटा लागल्या, तर त्या येणार कुठून? ठेकेदार चढा भाव देऊन त्या ओढून घेईल आणि स्वतःचे घर बांधणाऱ्याला वीट महाग पडेल. योजना तीच, रक्कम तीच, परिणाम उलटा.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कोरड्या रानाला दिलेले पाणी पिकाला लागते. वाफसाच नसलेल्या चिंब रानाला दिलेले पाणी मुळे कुजवते.

आपल्याकडे हे दोन्ही प्रकार घडून गेले आहेत. २००७-०८ मध्ये केंद्राची तूट २.५ टक्के होती. पुढच्या वर्षी शेतकरी कर्जमाफी, सहावा वेतन आयोग, खत आणि इंधन यांच्या अनुदानाचा भार आणि जागतिक मंदीमुळे दिलेली करसवलत असे सगळे एकत्र आले. तूट ६ टक्क्यांवर गेली, २००९-१० मध्ये ६.५ टक्क्यांवर. मंदीच्या धक्क्यात ही मदत गरजेची होती. पण अर्थव्यवस्था सावरल्यावरही हात लवकर आवरला गेला नाही. त्यात २००९ चा दुष्काळ आणि नंतर शंभर डॉलरच्या वर गेलेले कच्चे तेल. पुढची काही वर्षे किरकोळ महागाई दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळली. सगळा दोष सरकारी खर्चाचा नव्हता, पण त्याने आगीत तेल ओतले.

२०२०-२१ मध्ये तूट त्याहून मोठी, ९.२ टक्के झाली. तरी दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा व्याजदर सहा टक्क्यांच्या आसपासच राहिला. टाळेबंदीत कारखाने बंद, कर्ज मागायला कोणी नाही, आणि रिझर्व्ह बँकही बाजारातून रोखे घेत होती. त्या काळात भाव चढले ते मुख्यतः मालाची वाहतूक आणि पुरवठा तुटल्यामुळे. म्हणून तुटीचा नुसता आकडा पाहून महागाईचे भाकीत करू नये. रान कोरडे आहे की चिंब, हे आधी पाहावे.

४. पैसा गेला कशावर?

याचे सर्वांत चांगले उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि बांध घालायला उभी राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला, आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला तिचाच आधार मिळाला. या योजनेच्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली, पैसा कुठून आला? १९७५ मध्ये या कामासाठी व्यवसाय कर लावला गेला. आजही महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून निघालेला पैसा गावातल्या मजुराच्या हाती गेला. नव्या नोटा आल्या नाहीत. खरेदीची ताकद एकाकडून दुसऱ्याकडे सरकली.

दुसरी, त्यातून उभे काय राहिले? पाझर तलाव, नालाबांध, गावरस्ते. काम नीट झाले तिथे विहिरींना पाणी वाढले आणि रब्बीचे पीक घेता आले. म्हणजे मजुरीमुळे धान्याची मागणी वाढली, तसा काही वर्षांनी धान्याचा पुरवठाही वाढला. जो खर्च पुढे पुरवठा वाढवतो, तो आज थोडा भाव चढवेल, पण उद्या तोच भाव आवरायला मदत करतो.

याच कसोटीवर रोख मदतीच्या योजना पाहाव्यात. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २०२४ पासून दोन कोटींहून अधिक महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. पहिल्या वर्षी त्यासाठी ४६,००० कोटी रुपयांचा वार्षिक खर्च सांगितला गेला, २०२५-२६ साठी ३६,००० कोटींची तरतूद झाली. हे १,५०० रुपये किराणा, औषधे, मुलांची फी, बचत गटाचा हप्ता यांत जातात. किराणा माल देशभरातून येतो, त्यामुळे एका राज्यातल्या या मदतीने भाव भडकतील, हे भय अतिरेकी आहे. ज्या घरात महिन्याची शेवटची तारीख जड जाते, तिथे या पैशाचे मोल फार मोठे आहे, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. खरा प्रश्न पुढचा आहे: ही रक्कम उभी करताना अर्धवट राहिलेला कालवा, रखडलेला रस्ता किंवा ठेकेदारांची थकलेली देयके मागे पडतात का? तसे होत असेल, तर आजच्या मदतीची किंमत उद्याच्या उत्पादनातून वसूल होते.

५. अनुदान: किंमत जाते कुठे?

आता खताच्या एका गोणीकडे जवळून पाहू. २०२१ च्या खरिपाच्या तोंडावर जगभर डीएपी या खताचा कच्चा माल महागला. एका गोणीची खरी किंमत २,४०० रुपयांवर गेली. आधी गोणीमागे ५०० रुपये अनुदान होते. ते तेवढेच राहिले असते, तर शेतकऱ्याला १,९०० रुपये मोजावे लागले असते. मे महिन्यात केंद्राने अनुदान १,२०० रुपये केले आणि गोणी १,२०० रुपयांनाच मिळत राहिली.

यात कोणाचे काय झाले? शेतकऱ्याचे गोणीमागे ७०० रुपये वाचले. उत्पादनखर्च न वाढल्याने अन्नधान्याच्या भावावरचा दाब कमी झाला. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत अन्न आणि पेयांचा वाटा जवळपास ४६ टक्के होता, त्यामुळे असा दाब कमी होणे ही मोठी गोष्ट. पण २,४०० रुपयांची गोणी २,४०० रुपयांचीच राहिली. निम्मी किंमत दुकानातून उठून अंदाजपत्रकात गेली. २०२२-२३ मध्ये, युक्रेन युद्धानंतर, केंद्राचा खत अनुदानाचा खर्च अडीच लाख कोटी रुपयांवर पोहोचला.

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. अनुदान किंमत पुसत नाही. ती कोणी आणि केव्हा द्यायची, एवढेच बदलते.

‘केव्हा’ याचा अर्थ डिझेलच्या इतिहासात दिसतो. २००५ ते २०१० या काळात कच्चे तेल महागले, तरी पंपावरचे भाव दाबून ठेवले गेले. तेल कंपन्यांचा तोटा रोखीने भरून देण्याऐवजी सरकारने त्यांना तेल रोखे दिले, म्हणजे पुढे कधीतरी पैसे देण्याची लेखी हमी. सव्वा लाख कोटींहून अधिक रकमेच्या या रोख्यांवर वर्षानुवर्षे व्याज गेले आणि मुद्दल फेडण्याच्या शेवटच्या तारखा २०२५-२६ पर्यंत पोहोचल्या. २००८ मध्ये ट्रकच्या टाकीत भरलेल्या डिझेलचे पैसे तेव्हा शाळेतही न गेलेली मुले कमावती होईपर्यंत करातून फेडले जात होते. अखेर जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा सुमारे ५० पैशांनी वाढवायला परवानगी मिळाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये, तेल स्वस्त असताना, भाव पूर्ण मोकळे झाले. हळूहळू वाढवल्यामुळे महागाईचा एकदम भडका उडाला नाही. अनुदान काढायचे कसे, याचा हा धडा जपून ठेवण्यासारखा आहे.

अनुदानाचा आणखी एक परिणाम असतो: ते सवयी बदलते. ४५ किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते. २०१० मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खतांच्या किमती बऱ्याचशा मोकळ्या झाल्या, युरियाची मात्र बांधलेलीच राहिली. परिणामी स्वस्त युरिया जास्त पडतो, बाकीची खते कमी पडतात आणि जमिनीचा पोत बिघडतो. पुढे तेच उत्पादन काढायला अधिक खत लागते. आज भाव आवरणारे अनुदान असे उद्याचा उत्पादनखर्च वाढवू शकते.

६. रिझर्व्ह बँक काय करते?

महागाई पट्ट्याच्या वर गेली की रिझर्व्ह बँक रेपो दर वाढवते. रेपो दर म्हणजे बँकांना ती ज्या दराने थोड्या मुदतीचे कर्ज देते तो दर. तो वाढला की गृहकर्जाचा हप्ता वाढतो, ठेवींवरचे व्याजही वाढते. मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ मध्ये हा दर तेरा वेळा वाढून ४.७५ वरून ८.५ टक्क्यांवर गेला.

२०२२ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांनी वेगवेगळी हत्यारे एकाच वेळी वापरली. एप्रिलमध्ये महागाई ७.७९ टक्क्यांवर होती. ४ मे रोजी बँकेने वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो दर ४ वरून ४.४ टक्के केला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ झाला. २१ मे रोजी सरकारने पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे ८ आणि डिझेलवरचे ६ रुपयांनी कमी केले, शिवाय खतासाठी १.१० लाख कोटींचे जादा अनुदान जाहीर केले. एवढे करूनही त्या वर्षीची तूट ठरल्याप्रमाणे ६.४ टक्क्यांवर राहिली, कारण करवसुली दणदणीत झाली. अनुदान वाढले म्हणजे तूट वाढलीच असे नाही. जमा किती वाढली तेही पाहावे लागते.

७. आपल्या गुंतवणुकीचे काय?

मुदत ठेव. व्याज ७ टक्के, महागाई ६ टक्के. वाटते की एक टक्का हाती पडला. पण तुम्ही ३० टक्के कराच्या टप्प्यात असाल, तर करानंतर उरतात ४.९ टक्के. महागाई वजा केली की खरा परतावा उणे १.१ टक्के. आकड्यात रक्कम वाढते, खरेदीची ताकद घटते. महागाई ४ टक्के असती तर हीच ठेव थोडी का होईना पुढे गेली असती. सरकारी खर्चाची शिस्त निवृत्त माणसाला थेट कशी भिडते, ते इथे दिसते.

सरकारी रोखे आणि डेट फंड. तुमच्याकडे शंभर रुपयांचा, ७ टक्के व्याजाचा, दहा वर्षांचा रोखा आहे. सरकारची उधारी वाढली, महागाईची धास्ती वाढली आणि नवे रोखे ८ टक्क्यांवर निघू लागले. तुमचा जुना रोखा आता शंभराला कोण घेईल? त्याची किंमत ९३ रुपयांच्या आसपास उतरेल. तोच रोखा एका वर्षात संपणारा असता, तर किंमत ९९ च्या आसपास राहिली असती. म्हणून तूट आणि महागाई वाढण्याची चिन्हे असताना असे रोखे घेणाऱ्या दीर्घ मुदतीच्या डेट फंडांना जास्त फटका बसतो. चिन्हे उलट असतील तर फायदाही त्यांनाच जास्त.

कारखानदाराचे कर्ज. सरकार ७ टक्क्यांनी कर्ज घेते तेव्हा बँक एखाद्या कारखान्याला समजा ९ टक्क्यांनी देते. सरकारला ८ टक्के द्यावे लागले, तर कारखान्याचे व्याज १० टक्क्यांवर जाईल. ज्या प्रकल्पातून साडेनऊ टक्के सुटणार होते, तो कागदावरच राहील. अर्थव्यवस्था जोरात असताना सरकारची मोठी उधारी खासगी गुंतवणुकीला अशी बाजूला सारते. आणि न उभ्या राहिलेल्या कारखान्याचा माल बाजारात येत नाही.

शेअर. पैसा कशावर जातो त्यानुसार कंपन्यांचे नशीब बदलते. भांडवली खर्च वाढला की सिमेंट, पोलाद, रेल्वेची सामग्री आणि बांधकाम यांना मागणी येते. रोख मदत वाढली की साबण, बिस्किटे, दुचाकी यांची विक्री सुधारते. जी कंपनी अनुदानावरच जगते तिच्याबाबत मात्र सावध राहावे. सरकारकडून येणे रक्कम लांबली की तिला खेळत्या भांडवलासाठी कर्ज काढावे लागते आणि नफा व्याजात जातो. ताळेबंदात ‘अनुदानापोटी येणे’ किती आहे, हे जरूर पाहावे. कोणत्याही एका घोषणेवर शेअर घेऊ नयेत. बाजाराने ती अपेक्षा आधीच भावात धरलेली असते.

८. अंदाजपत्रक असे वाचा

‘काय स्वस्त, काय महाग’ ही यादी बाजूला ठेवा आणि पाच आकडे शोधा. राजकोषीय तूट किती, आणि गेल्या वर्षापेक्षा कमी की जास्त? व्याजावरचा खर्च किती? भांडवली खर्च किती? अनुदानांची रक्कम किती? आणि अंदाजपत्रकाबाहेर कर्ज लपले आहे का? भारतीय अन्न महामंडळाचे उदाहरण लक्षात ठेवा. अन्न अनुदानाची पुरेशी रक्कम न दिल्यामुळे महामंडळ काही वर्षे अल्पबचत निधीतून कर्ज घेत होते आणि तो बोजा तुटीच्या आकड्यात दिसत नव्हता. २०२०-२१ मध्ये ते कर्ज फेडून हिशेबात आणले गेले, तेव्हा अन्न अनुदानाचा आकडा एका वर्षात पाच लाख कोटींच्या वर उडाला.

गरिबाला स्वस्त धान्य आणि शेतकऱ्याला परवडणारे खत मिळालेच पाहिजे. ज्या देशात ८० कोटी लोकांना मोफत धान्य द्यावे लागते, तिथे अनुदान ही चैन नाही. पण म्हणूनच त्याचा हिशेब उघड हवा. कराच्या पैशातून, ठरलेल्या मुदतीसाठी, गरजूपर्यंत पोहोचणारे अनुदान महागाईच्या झळीतून माणसांना वाचवते. उधारीवर चालणारे, कागदोपत्री लपवलेले आणि कधीच न संपणारे अनुदान तीच झळ पुढच्या पिढीकडे ढकलते, तेही व्याजासकट. पुढच्या वेळी एखादी योजना जाहीर झाली की ती आवडली की नाही हे ठरवण्याआधी तिचे बिल कोणाच्या नावावर आणि कोणत्या तारखेचे आहे, हे आपल्या आमदार-खासदारांना विचारा. तो प्रश्न विचारणे हा मतदाराचा हक्क आहे, आणि बचत करणाऱ्या प्रत्येकाचा स्वार्थही.